आदेशार्थ सादर

११ जून
भाचीने लॅपटॉपवर ‘सुझरेन’ घालून दिला. “मावशी, यात गोळीबार नाही, गाड्यांच्या शर्यती नाहीत. वाचायचं आणि ठरवायचं, एवढंच. तुला जमेल.” बर्लिनच्या टॉर्पर गेम्सने ४ डिसेंबर २०२० ला आणलेला हा खेळ. आत चार लाख शब्द आहेत, सगळे इंग्रजीत. सावकाश वाचत गेले.

देशाचं नाव सॉर्डलँड, राजधानी होलसॉर्ड, साल १९५४. मी अँटन रेन, नुकताच निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष. पण खुर्चीवर लगेच बसवत नाहीत. आधी अँटनचं लहानपण, यादवी युद्ध, तरुणपण, राजकारणातला प्रवेश हे सगळं माझ्याकडून ठरवून घेतलं. घर गरीब की खाऊनपिऊन सुखी, युद्धात तो कुठल्या बाजूला होता. दोन तास त्यातच गेले. राज्यकर्त्याच्या आधी माणूस उभा करायचा, हे मला फार आवडलं.

१२ जून
पहिली मंत्रिमंडळाची बैठक. एकेका मंत्र्याची बोलण्याची धाटणी कळायला लागली. अर्थमंत्री सायमन होल आकड्यांखेरीज बोलत नाहीत. मंदी आहे, तिजोरीत खडखडाट. आधीचे अध्यक्ष इवाल्ड अल्फोन्सो यांना मंदीच भोवली. पडद्यावर वरच्या बाजूला तिजोरीचा एक छोटासा आकडा असतो. रेल्वे की महामार्ग यावर बोट ठेवलं की तो घटतो, आणि मग शाळा, दवाखाने, फौज सगळे त्याच उरलेल्यात हात घालायला येतात.

मंत्र्यांची मनं मोजणारा आकडा मात्र कुठेही नाही. कोण दुखावलं, कोण खूश झालं, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून ओळखायचं. मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात टिपण्या लिहिल्या. साहेबांचा मूड शिपायाच्या चालीवरून ओळखायची आम्हाला सवय होती. इथे ती उपयोगी पडते आहे.

आयुष्यात पहिल्यांदा मी सही करणाऱ्याच्या जागी बसले आहे. आजवर कागद माझ्या हातून वर जायचा. ‘आदेशार्थ सादर’ लिहून मी मोकळी व्हायचे. आता तो कागद माझ्यासमोर येतो आणि खाली रिकामी जागा असते.

१४ जून
आज झोप नाही. बर्जिया या प्रांतातले ब्लूड लोक डोक्यातून जात नाहीत.

ही सॉर्डलँडमधली अल्पसंख्य जमात. त्यांची भाषा, त्यांची गावं वेगळी. त्यांच्यातल्या काहींनी बंदूक हाती घेतली आहे, आणि गृहमंत्री लिलियास ग्राफ यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध, अजून पोलीस. पण मला अडवलं ते राज्यघटनेतल्या एका अटीने. ज्या पक्षाला देशभरात दहा टक्के मतं नाहीत, त्याला असेंब्लीत जागा नाही. ब्लूड लोक तेवढे नाहीतच. म्हणजे त्यांनी मत दिलं तरी त्यांचं माणूस आत येत नाही. मग ते बाहेर ओरडतात, आणि ते ओरडले की ग्राफबाई त्याचा अहवाल करून माझ्या टेबलावर ठेवतात.

हे काल्पनिक म्हणून सोडून देता येत नाही. तुर्कस्तानात १९८३ पासून अशीच दहा टक्क्यांची अट होती. २००२ च्या निवडणुकीत तिथे दोनच पक्ष ती ओलांडू शकले आणि चाळीस टक्क्यांहून जास्त मतदारांच्या मतांना संसदेत जागाच मिळाली नाही. कुर्दांच्या पक्षाने २००७ मध्ये उमेदवार अपक्ष म्हणून उभे केले, कारण अपक्षाला ही अट लागू नव्हती. जून २०१५ मध्ये कुर्दांचा पाठिंबा असलेला पक्ष तेरा टक्क्यांपर्यंत गेला तेव्हा कुठे दार उघडलं. २०२२ मध्ये अट सात टक्क्यांवर आली. सॉर्डलँडच्या असेंब्लीचं नावही तुर्कस्तानच्या संसदेसारखंच, ग्रँड नॅशनल असेंब्ली. देशाची घटना घडवणारा लष्करी नेता टार्क्विन सोल दोन दशकं सत्तेवर होता, आणि त्याच्या नावाने आजही शपथा घेतल्या जातात. हा देश लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कुठला नकाशा होता हे मला तरी स्पष्ट दिसतं.

पण झोप उडाली ती तुर्कस्तानमुळे नव्हे. अहवाल वाचताना माझंच एक जुनं वाक्य आठवलं. कोकणातल्या एका वाडीने ओढ्यावर साकव मागितला होता. पावसाळ्यात मुलं शाळेत जाऊ शकत नाहीत असा अर्ज, खाली अंगठे आणि सह्या. मी दोन पानी टिपणी लिहिली, खर्चाचा तक्ता जोडला, पताका लावली. शेवटी लिहिलं : ‘लाभार्थी संख्या अल्प असल्याने तूर्त प्रस्ताव नस्तीबद्ध करावा.’ साहेबांनी सही केली. त्यांच्यापुढे ओढा नव्हता, माझं वाक्य होतं.

संख्या अल्प. दहा टक्क्यांची अट याहून वेगळं काय म्हणते?

१५ जून
थोडाच वेळ खेळले. अँटनची बायको मोनिका म्हणते, बायकांच्या हक्कांसाठी काम करायचं आहे, नुसती अध्यक्षांची पत्नी म्हणून मिरवायचं नाही. मी क्षणाचाही विचार न करता हो म्हटलं. मुलगा फ्रांक अस्वस्थ आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं राहून जातंय. लेक डिआना लहान आहे.

१७ जून
घटनादुरुस्तीचा मसुदा. न्यायमंत्री निया मॉर्ग्ना यांच्याबरोबर कलमागून कलम. अध्यक्षाचे अधिकार किती ठेवायचे, न्यायालयाचे किती, पक्षांना किती टक्क्यांची अट. मसुदा करणं हे माझं काम, माझं सुख. एक शब्द इकडचा तिकडे झाला की कोणाच्या घरात उजेड पडतो आणि कोणाचा दिवा विझतो हे मला माहीत आहे. मी अट खाली आणली. स्वतःचे अधिकारही कापले. हात थरथरला नाही.

पण मसुदा चांगला असून भागत नाही. त्याला असेंब्लीत साधं बहुमत पुरत नाही. माझाच पक्ष, युनायटेड सॉर्डलँड पार्टी, आतून दुभंगलेला. जुन्या वळणाच्या गटाच्या ग्लोरिया टोरी सोलच्या घटनेला हात लावू देणार नाहीत, सुधारणावाद्यांना सगळं आजच हवं. त्यापलीकडे सर्वोच्च न्यायालय, तिथे न्यायमूर्ती ऑर्सो हॉकर.

विभागीय परीक्षेसाठी केशवानंद भारती खटला पाठ केला होता. २४ एप्रिल १९७३, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. तेव्हापासून न्यायालय म्हणजे घटनेचा राखणदार हे मनात पक्कं होतं. सॉर्डलँडमध्ये तोच राखणदार अन्यायी कलमापुढे उभा राहू शकतो, म्हणून आज पहिल्यांदा त्याची भीती वाटली. राखायचं काय, हा प्रश्न राखणदाराइतकाच मोठा आहे, आणि त्या सात न्यायमूर्तींनी तो किती जपून हाताळला होता हे आज कळलं.

२० जून
पडलं.

घटनादुरुस्तीचं विधेयक न्यायालयापर्यंत गेलंच नाही, असेंब्लीतच पडलं. टोरीबाईंचा गट विरोधात गेला. मागे जाऊन आठवलं तर पहिल्याच काही भेटींत मी त्यांना तोडून बोलले होते. मला ते खरं बोलणं वाटलं होतं. त्यांनी काही दाखवलं नाही, खेळानेही काही दाखवलं नाही. आकडा नव्हता, घंटा वाजली नाही. इतक्या दिवसांनी मतमोजणीच्या दिवशी ते तोडून बोलणं परत आलं, आणि त्याची किंमत मी दिली नाही, ब्लूड लोकांनी दिली.

भाची म्हणाली, “पुन्हा आधीपासून खेळ ना. आता तुला माहितीये कुणाला कसं सांभाळायचं.”
“आणि हे लोक?”
“कुठले लोक?”
“बर्जियातले.”
ती माझ्याकडे बघत राहिली, मग जवळ येऊन बसली. “मावशी, तू खरंच मनाला लावून घेतलंस.” घेतलं. लावून घ्यावं म्हणूनच कोणीतरी चार लाख शब्द लिहिले असतील.

२१ जून
शेजारच्या रंबर्ग देशाच्या राणीच्या फौजा सीमेवर. संरक्षणमंत्री लान्सिया पैसे मागतात. दिले. दुसरं काय करणार.

२३ जून
खेळ उघडला नाही.

दुपारी जुन्या कार्यालयातल्या एका सहकाऱ्याला फोन केला. तो त्याच तालुक्यातला, निवृत्तीनंतर गावीच राहतो. पाऊसपाणी, गुडघेदुखी झाली. मग विचारलं, ओढ्यावरच्या त्या साकवाचं पुढे काय झालं, वाडीने अर्ज केला होता तो.

“ताई, आपल्याकडे ओढे काय कमी आहेत? बरेच साकव झाले मधल्या काळात, काही अजून व्हायचेत. कुठल्या वाडीचा म्हणता?”

मला टिपणीतलं वाक्य शब्दन् शब्द आठवत होतं. तारखेचा शिक्का कुठल्या कोपऱ्यात होता तेही. वाडीचं नाव आठवेना.

“आठवलं की करा फोन,” तो म्हणाला. “पाऊस उघडला की जाऊन बघून येतो.”