आबा, मासे उपाशी नाहीत!

आर्वी म्हटलं की हॉस्टेलवर पहिला प्रश्न येतो, "हे कुठे आलं?" वर्धा जिल्हा, पुलगावच्या वर. कापूस, संत्री आणि मे महिन्यात पंचेचाळीसच्या घरातला पारा. समुद्र ५०० किलोमीटरच्या पलीकडे. अशा गावात आमच्या घरी समुद्राचे मासे आहेत असं सांगितलं की मैत्रिणींना वाटतं ही फेकते आहे. फेकत नाही. (मी कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. मजकूर मात्र खरा आहे.)

काका नवी मुंबईची नोकरी सोडून घरी परतले ते हे वेड सोबत घेऊनच. २०० लिटरचा टँक, त्यात दोन क्लाऊनफिश आणि एक निळा डॅमसेल. 'फाइंडिंग नीमो' २००३ चा, पण अजूनही घरी येणारं प्रत्येक पोट्टं काचेला नाक लावून "नीमो!" असंच ओरडतं. १९५१ साली मरीन ड्राईव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, त्याच्या दारातच समुद्र होता. आमचा समुद्र पिशवीतून येतो. लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे २०० लिटरला ७ किलो! तेही स्वयंपाकाचं नाही, टँकसाठी मिळतं ते खास मीठ. उन्हाळ्यात पाणी उडून जातं पण मीठ खालीच राहतं, म्हणून रोज वरून साधं आर.ओ.चं पाणी घालायचं. हा सगळा व्याप काका हौसेने करायचे. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. माशांना दिवसातून किती वेळा खायला घालायचं?

काकांचा नियम, एकदा. आबांचा, आठवण येईल तेव्हा.

आबा म्हणजे माझे आजोबा. आयुष्यभर शेती केली. पहाटे उठून आधी गोठ्यात वैरण टाकायची, मगच स्वतःचा चहा. पॅरालिसिसचा झटका आल्यावर बैलजोडी विकावी लागली. त्यात शुगर, त्यामुळे स्वतःचं खाणंसुद्धा मोजूनमापून. दिवसभर खुर्चीत बसायचं, आणि खुर्चीसमोर टँक. आबा दिसले की तिन्ही मासे काचेशी येऊन शेपट्या हलवणार. आबांचा चालणारा उजवा हात लगेच डबीकडे जायचा. काका ओरडले की म्हणायचे, "काहून बे, उपाशी ठेवतं का त्याईले?"

आता थोडं टेक्निकल. मासा थंड रक्ताचा. अंग गरम ठेवण्यासाठी त्याला आपल्यासारखं अन्न जाळावं लागत नाही, म्हणून लागतंच थोडं. त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं धरावं, असा शौकीन लोकांचा ठोकताळा आहे. दोन मिनिटांत संपेल तेवढंच द्यावं. उरलेलं अन्न तळाशी कुजतं, त्यातून अमोनिया होतो. बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचाही वेग ठरलेला. शिवाय समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि अमोनियाचं विषारी रूप अशा पाण्यात साध्या पाण्यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असतं. (फर्स्ट इयरला इक्विलिब्रियम कशाला शिकवतात, हे मला तेव्हा कळलं!) खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनही कमीच मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या वर, तर खाऱ्यात पावणेसात. पाणी तापलं की आणखी कमी.

गेल्या मे महिन्यात मी सुट्टीत घरी होते. पाणी दुधाळ झालेलं, मासे वर येऊन तोंड उघडत होते. खरं तर त्यांना श्वास पुरत नव्हता. आबांना ती भूक वाटली. त्यांनी आणखी टाकलं, पाणी आणखी बिघडलं, मासे आणखी आ वासू लागले. कंट्रोल सिस्टिम्सचे सर ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात तो हाच. निम्मं पाणी बदललं, जादा पंप लावला, दोन दिवस खाणं बंद ठेवलं. क्लाऊनफिश वाचले, डॅमसेल गेला.

काकांनी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आबा काही बोलले नाहीत. खुर्ची मात्र त्यांनी आजीला सांगून खिडकीकडे वळवून घेतली. दोन दिवस घरात कोणी टँकचं नावही काढलं नाही.

मला राहून राहून वाटत होतं की आबा 'किती वेळा'च्या बाबतीत चूक नाहीत. समुद्रातला क्लाऊनफिश काही ताट वाढून एकदाच जेवत नाही, दिवसभर बारीकसारीक टिपत असतो. अँथियास जातीच्या माशांना तर दिवसातून तीन-चारदा द्यावं लागतं. उलट लायनफिशसारख्या शिकारी माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. मोठ्या क्लाऊनफिशला एक-दोनदा ठीक, पण तेच अन्न वाटून तीनदा दिलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते एकूण वजनाने. आबांची गोळ्यांची डबी असते ना, सात वारांची, सकाळ-दुपार-रात्र खाने असलेली? तशीच एक नवी आणली. दिवसाचे वीस दाणे, सात-सात-सहा असे वाटून भरले. खाना रिकामा झाला की संपलं. डबी आबांच्या हातात, भरण्याचं काम काकांकडे.

पहिल्या दिवशी आबांनी सात दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाले, "येवढुसे? हे तं माह्या गोळ्याईपेक्षा कमी हायेत." पण टाकले. एकेक करून टाकले, त्यात दहा मिनिटं गेली. तेवढा वेळ मासे त्यांच्यासमोरून हलले नाहीत.

अधूनमधून एक दिवस माशांना काहीच देऊ नये, त्यांना सोसतं, हे आबांच्या गळी उतरेना. मग एकादशी कामी आली. आबांचा उपास त्या दिवशी माशांचाही उपास. महिन्यातून दोनदा डबीचे तीन खाने रिकामे, आणि आबांची त्याबद्दल काही तक्रार नाही. आजीचं मत वेगळं आहे. तिच्या मते साबुदाणा चालायला हवा.

आता नवीन खूळ आर्टेमियाचं. मिठागरात होणारा हा बारीक जीव. मुंबईत तो सापडल्याची नोंद सी. व्ही. कुळकर्णी यांनी १९५३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये केली होती. त्याची वाळलेली अंडी मिळतात. खारट पाण्यात हवा सोडून ठेवली की साधारण एका दिवसात पिल्लं बाहेर येतात, आणि माशांना ती फार आवडतात. सेमिस्टर संपली की घरी करून बघायचं ठरलंय. काल मेसच्या रांगेत उभी असताना आबांचा फोन आला होता. कोल्ड्रिंकची बाटली आजीकडून कापून घेऊन तयार ठेवली आहे म्हणाले, आणि परीक्षा नक्की कोणत्या तारखेला संपते ते विचारत होते.