शोध लागला, पण ओळख पटली का?



परीक्षेचे निकाल आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तांत आपण पुढील पानांवर वाचालच. आम्ही मात्र या वेळी आमच्याच एका चुकीविषयी लिहिणार आहोत. विद्यार्थ्यांना चुका कबूल करायला सांगतो, तेव्हा सुरुवात आपल्यापासून व्हावी हे बरे.

गेल्या वर्षी विश्वस्त मंडळाच्या साहाय्याने शाळेची जुनी स्कॉलर रजिस्टरे स्कॅन करून घेतली. पाने पिवळी पडली होती, काहींना वाळवी लागली होती. ही चित्रे कॉम्प्युटर लॅबमधल्या स्टोरेजच्या पेटीत ठेवली. ही पेटी म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्कचे एक कपाटच. ती नेटवर्कच्या तारेने कार्यालयातल्या कॉम्प्युटरला जोडली होती. या पद्धतीला आय-स्कझी म्हणतात आणि तिचे प्रमाण नियम २००४ साली प्रसिद्ध झाले. तिची खुबी अशी की दूर ठेवलेली डिस्क कॉम्प्युटरला स्वतःच्या पोटातलीच वाटते.

इंदूरच्या पावसाळ्यात लाईट जाते-येते. प्रत्येक वेळी जोडणी तुटे आणि कॉम्प्युटरचे सर तास सोडून पेटीचा पत्ता टाईप करायला येत. शेवटी आम्हीच म्हणालो, "सर, असे काही करा की कोणाला काहीच करावे लागू नये." त्यांनी तसे केले. सुरू होताच कॉम्प्युटर पेटीला विचारी, "तुझ्याकडे काय काय आहे?" पेटी आपल्या डिस्कांच्या नावांची यादी पाठवी आणि जोडणी आपोआप होई. या डिस्कांना तिथे टार्गेट म्हणतात. प्रत्येकाला जगात वेगळे असे एक लांबलचक नाव असते. मग ग्रंथपाल बाईंना जुने वार्षिकांक पाहायचे होते म्हणून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवरही तीच सोय केली. बाईंनी पुस्तकांची यादीही त्याच डिस्कवर ठेवायला सुरुवात केली. आम्ही खूश होतो.

काही दिवसांनी एक वयस्क माजी विद्यार्थी जन्मतारखेचा दाखला मागायला आले. पेन्शनचे काम अडले होते. त्यांचे पान उघडले तर अर्ध्या चित्रावर नुसती काळी पट्टी. पुढची पाने उघडलीच नाहीत. शिपाईभाऊंनी कपाटातून मूळ रजिस्टर काढले. त्या पानाची कड वाळवीने खाल्ली होती, जन्मतारीख तेवढी शाबूत होती. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पाणी पिऊन, दाखला घेऊन गेले. आम्हाला मात्र रात्री झोप लागली नाही.

आमचा एक माजी विद्यार्थी अशाच कामात आहे. तो सुटीत आला तेव्हा त्याने कारण सांगितले, "सर, समजा दोन बाबूंना एकच रजिस्टर दिले. कोणते पान कोरे आहे हे प्रत्येक जण आपल्याच मनात ठेवतो आणि दुसऱ्याला सांगत नाही. मग एकाच पानावर दोघे लिहिणार. इथे तेच झाले. दोन्ही कॉम्प्युटर डिस्क आपलीच समजत होते."

आम्ही विचारले, "मग आपोआप शोधण्याची सोयच वाईट का?" तो म्हणाला, "नाही सर. मोठ्या संगणन केंद्रांत शेकडो यंत्रे असतात, तिथे हाताने पत्ते टाकणे शक्यच नाही. इन्फिनिबँडच्या जलद जाळ्यावर एसआरपी-डीमन नावाचा छोटा प्रोग्रॅम स्टोरेजचा शोध घेत राहतो. पण त्याच्याजवळ नियमांची एक फाईल असते. कोणाशी जोडायचे आणि कोणाशी नाही, हे माणसानेच तीत लिहायचे. २०१६ साली आलेल्या एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्समध्ये तर कॉम्प्युटरचे नाव पाहून प्रत्येकाला वेगळी यादी देता येते. शोधणे यंत्राचे काम, परवानगी देणे आपले."

आता पेटीत फक्त कार्यालयाच्या कॉम्प्युटरचे नाव नोंदवले आहे आणि जोडताना पासवर्ड लागतो. लाईट आल्यावर जोडणी आजही आपोआप होते, पण त्या एकाचीच. वाचनालयाला फाईली कार्यालयाच्या कॉम्प्युटरमार्फत मिळतात. त्यामुळे डिस्कवर लिहिणारा एकच हात राहिला. शिवाय आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून विश्वस्तांच्या कपाटात कुलुपात ठेवली आहे. ही प्रत आधीच काढायला हवी होती, हेही कबूल केले पाहिजे. खराब झालेली पाने शिक्षकांनी दिवाळीच्या सुटीत येऊन पुन्हा स्कॅन केली. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. कॉम्प्युटरच्या सरांचा यात दोष नाही. त्यांनी आम्ही सांगितले तेच केले होते.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'शोध' म्हणजे संशोधन. मराठीत शोध घेतातही आणि शोध लागतोही. पण शोध लागल्यावर ओळख पटावी लागते आणि ओळख पटल्यावरही आत घ्यायचे की नाही, हे घरातल्या मोठ्याने ठरवायचे असते. यंत्राने पहिली पायरी फार सोपी केली, म्हणून आम्ही पुढच्या दोन विसरलो.

विद्यार्थी मित्रांनो, 'आपोआप' हा शब्द दिसला की त्यापूर्वी कोणी काय ठरवले आहे, ते जरूर विचारा. पालकांनी घरच्या कागदपत्रांची दुसरी प्रत आजच काढून ठेवावी. आणि विश्वस्त मंडळींनी मूळ रजिस्टरांसाठी एक चांगले लोखंडी कपाट मंजूर करावे, ही नम्र विनंती.

आपले,
प्राचार्य