उसने ऊन

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात उष्णतेची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, दुपारी बाजारपेठ ओस पडते आणि दुकानदार अर्धे शटर ओढून कूलरपुढे बसतात. त्याच वेळी कुंपणावरचा सरडा काय करतो, हे सहसा कोणी पाहत नाही. सकाळी तो उन्हाला अंग देऊन बसतो, दुपार चढली की मुकाट्याने पानांच्या सावलीत शिरतो, सायंकाळी पुन्हा बाहेर येतो. आपल्यासारखी शरीरात पुरेशी उष्णता निर्माण करण्याची सोय त्याच्याकडे नाही. तो ऊन उसने घेतो आणि जास्त झाले की वेळेवर फेडतो. हा जमाखर्च तो दिवसभर आपल्या पायांनी बिनचूक सांभाळतो.

अलीकडे शहरांतील काही घरांत एक परदेशी सरडा काचेच्या पेटीत येऊ लागला आहे. त्याचे नाव बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला सरडा. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा प्रदेश हे त्याचे मूळ घर. स्वभावाने शांत, दिसायला ऐटदार. नातवंडांनी हट्ट धरावा आणि आजोबांनी तो पुरवावा, असा हा प्राणी. परंतु पेटीचे झाकण लागले, की सरड्याचा जमाखर्च मालकाच्या हाती येतो.

त्या खात्याच्या नोंदी अशा आहेत. पेटीच्या एका टोकाला दिव्याखाली ३८ ते ४२ अंशांची ऊन खाण्याची जागा हवी. दुसरे टोक २५ ते २९ अंशांवर राहायला हवे. रात्री दिवे बंद असावेत आणि तापमान २० अंशांच्या आसपास उतरले तरी चालते. दोन्ही टोकांना स्वतंत्र तापमापक लागतो, कारण हाताच्या अंदाजाने हा हिशेब जुळत नाही. थंडी राहिली तर खाल्लेले पचत नाही. शिवाय हाडांसाठी अतिनील किरणांचा वेगळा दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण काच नेमके तेच किरण अडवते.

हे सारे थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांतून वाचले, तर पेटी तापवायची कशी एवढाच प्रश्न दिसतो. आपल्या मुलखात तो उलटा होतो. खोलीच ४० अंशांवर गेली, तर पेटीचे थंड टोक थंड राहणार कसे? तोंड उघडे ठेवून बसलेला सरडा थोडा वेळ उष्णता बाहेर टाकतो. परंतु सरकायला गार जागाच नसेल, तर काही तासांत त्याच्या जिवावर बेतते. पावसाळ्यात दुसरी अडचण उभी राहते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे जिल्ह्याला नवे नाही. वीज गेली की पेटीतला सूर्यही मावळतो. शिवाय कोरड्या हवेच्या या प्राण्याला महिनोन्‌महिने दमट हवा सोसावी लागते.

कात टाकण्याची वेळ ही या हिशेबाची खरी तपासणी असते. साप बहुधा संपूर्ण कात एकसंध काढतो. सरड्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते. वाढत्या वयात ती काही आठवड्यांनी, मोठेपणी वर्षातून मोजक्या वेळा निघते. त्वचा निस्तेज आणि पांढुरकी दिसते, खाणे मंदावते. हा आजार नव्हे. मात्र बोटांभोवती किंवा शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकून राहिली, तर ती दोऱ्यासारखी आवळते, रक्तप्रवाह थांबतो आणि ते टोक झडूही शकते. अशा वेळी कात ओढू नये. खालची कोवळी त्वचा फाटते. कोमट, उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसवावे, अंग घासायला खरबरीत दगड ठेवावा आणि तरीही सुटली नाही तर पशुवैद्यांकडे न्यावे. हाताळल्यानंतर मुलांनी साबणाने हात धुणे आवश्यक आहे.

जैन घरासाठी याहून अवघड नोंद पुढे आहे. या सरड्याच्या पिल्लाचे मुख्य अन्न जिवंत कीटक आहे. मोठेपणी तो पालेभाजी अधिक खातो, तरी कीटक पूर्णपणे सुटत नाहीत. आपल्या शास्त्रात सरडा पंचेंद्रिय तिर्यंचांमधील भुजपरिसर्प गणला जातो, नाकतोड्यासारखा कीटक चतुरिंद्रिय. एका जिवाच्या कौतुकासाठी रोज दुसरे जीव विकत आणायचे, की कौतुक करायचे आणि त्याला उपाशी ठेवायचे? दोन्ही वाटा जीवदयेच्या नाहीत. रानातला सरडाही कीटकच खातो. पण त्याचा तो व्यवहार कोणाच्या हौसेने ठरलेला नसतो.

याच जिल्ह्यात प्राणी सांभाळण्याचा दुसरा आदर्श आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे माडिया गोंडांसाठी दवाखाना चालवला. शिकारीत आई गमावलेले माकडाचे पिल्लू त्यांनी घरी आणले आणि पुढे लोकच अनाथ पिल्ले आणून देऊ लागले. अस्वले, बिबटे, साप, मगरी तिथे राहिल्या. पण त्या संग्रहाचा आरंभ प्राण्याच्या गरजेतून झाला, माणसाच्या हौसेतून नव्हे. आपल्या पांजरापोळांचेही मूळ तेच आहे.

ज्या घरात असा सरडा आधीच आला आहे, तिथे त्याला रानात सोडणे हे अभयदान नव्हे; परक्या हवेत तो मरेल किंवा इथल्या जिवांना उपद्रव ठरेल. त्याची व्यवस्था चोख ठेवावी, अथवा जाणत्या माणसाकडे सोपवावे. नोंदणीचे नियम वनविभागाकडून समजून घ्यावेत. ज्यांनी अजून आणलेला नाही, त्यांनी व्यापारी रीतीनेच विचार करावा. हे देणे दहा वर्षांचे, कधी त्याहूनही लांब मुदतीचे असते. मुलाला सरडा दाखवायचाच असेल, तर कोवळ्या उन्हात कुंपणाशी थोडा वेळ शांत उभे राहावे. तिथे दिवा लागत नाही, तापमापक लागत नाही, आणि कोणाचेही देणे शिल्लक राहत नाही.