छऱ्याविना सराव



गेल्या महिन्यात नेमबाजी वर्गाबद्दल एका पालकांचा अर्ज आला. मुलगी नववीत आहे. तीन आठवडे ती रिकामे पिस्तूल रोखून कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते, एक छर्रा उडालेला नाही, तरी नाव काढून टाकावे, असा मजकूर. विश्वस्त मंडळातही विचारणा झाली की इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचे महागडे पिस्तूल भिंतीवर रोखायला घेतले काय?

प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे ‘अभ्यास’ म्हणजे सराव. मराठी घरात मात्र अभ्यास म्हणजे पुस्तक उघडून बसणे! म्हणून भिंतीसमोरची मुलगी पालकांना रिकामटेकडी वाटते.

१० मीटर एअर पिस्तूलच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असते. ट्रिगरवर नियमाने किमान ५०० ग्रॅम दाब लागतो, आणि बोट किंचित तिरपे ओढले गेले की नळी हलते. छर्रा सुटला की मुलांचे डोळे लगेच गुणांकडे धावतात आणि ही चूक लपते. रिकाम्या पिस्तुलात ती लख्ख दिसते, कारण पाहायला दुसरे काही नसतेच. साध्या ट्रिगरच्या कित्येक पिस्तुलांत दर वेळी यंत्रणा पुन्हा चढवावी लागते, तेवढ्यात हाताची पकड बदलते. आपल्या नव्या पिस्तुलात ट्रिगर म्हणजे सेलवर चालणारा एक स्विच. टिक् झाले की पकड न सोडता पुन्हा तयार. हीच सोय मुलांना बिघडवतेही. मोबाइलवरच्या खेळासारखे टिक्-टिक् सुरू होते. म्हणून एका वेळी वीसच, आणि दर वेळी हात खाली आणून. नळी रिकामी असल्याचे आधी प्रशिक्षक पाहतात, मग विद्यार्थी स्वतः.

यंत्रावर फार विसंबूही नये. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, बराच वेळ गेला, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. अंतिम फेरीत आठच जातात. त्याच मुलीने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदके मिळवली. आपल्याकडे नवे पिस्तूल एकच आहे, तेव्हा बाकीच्यांनी जुन्या पिस्तुलांवर हाच सराव करावा. त्याला छऱ्यांचा खर्चही नाही, हे विश्वस्तांनी ध्यानात घ्यावे.

अर्जावर आम्ही अजून सही केलेली नाही. त्या पालकांना शनिवारी सकाळी ७ वाजता बोलावले आहे. त्यांनी स्वतः वीस वेळा ट्रिगर दाबावा, पुढची साइट किती वेळा हलली ते मोजावे, मग बोलू. मुलीने आम्हाला एवढेच विचारले, “सर, तोपर्यंत मी येऊ ना?”

ये म्हटले.