वृक्षांचा वर्षारंभ

यहुदी लोकांच्या पंचांगांत शबाट नांवाचा महिना आहे. त्याच्या पौर्णिमेस, म्हणजे बहुधा आपल्या पौष किंवा माघ महिन्यांत, वृक्षांचें नवें वर्ष सुरू होतें. झाडांसहि स्वतःचा पाडवा असावा, ही कल्पना आम्हांस फार गोड वाटली. परंतु या सणाचें मूळ हिशेबांत आहे. फळांचा दशमांश देवास अर्पावयाचा, तर कोणतें फळ कोणत्या वर्षाचें हें ठरविण्यास एक दिवस नेमणें प्राप्त होतें. शबाट महिनाच कां, तर तोंवर त्या देशांतला बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो आणि झाडांत नवा रस चढूं लागतो. शम्माईचे अनुयायी प्रतिपदा म्हणत, हिल्लेलचे पौर्णिमा. पौर्णिमाच रूढ झाली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणें नव्या झाडाचीं फळें पहिलीं तीन वर्षें खावयाचीं नाहींत, चौथ्या वर्षाचीं देवाचीं, आणि पांचव्या वर्षापासून धन्याचीं.

महाराष्ट्रास हा सण परका नाहीं. शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांस कोंकणांत ‘शनवार तेली’ म्हणत, ते मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक या दिवसास एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणतात. अलिबागजवळच्या खंडाळे गांवीं एक खडक आहे; त्यावर एलियाच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा. पोहे, नारळ, साखर व सुकामेवा यांचा मलिदा करून फळांसह तो अर्पण करतात. १९४८ नंतर यांपैकीं बहुतेक मंडळी इस्राएल देशास गेली. इकडे थोडींच कुटुंबें उरलीं आहेत.

ख्रिस्ती धर्मांत हा सण नाहीं. पण त्याचा ख्रिस्ती अर्थ शोधूं गेल्यास वाट याच एलियापासून निघते. राणीच्या भयानें पळालेला हा संदेष्टा रानांत एका झुडपाखालीं बसून मरण मागत होता. तेथें देवदूतानें त्यास भाकर व पाणी देऊन उठविलें. पुढें येशूनें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानास ‘येणारा एलिया’ म्हटलें. त्या योहानाचा उपदेश मात्र कठोर होता. फळ न देणाऱ्या झाडाच्या मुळाशीं कुऱ्हाड लागलीच आहे, असें तो सांगे. येशूनेंहि एक दृष्टान्त दिला. तीन वर्षें अंजिरास फळ नाहीं, म्हणून धनी तें तोडावयास सांगतो. माळी विनवितो कीं आणखी एक वर्ष द्यावें. मी भोंवतीं खणतों, खत घालतों, मग काय तें ठरवावें.

ही शिकवण दुसऱ्या धर्माची म्हणून आपल्या घरांत अनोळखी वाटण्याचें कारण नाहीं. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. अध्यक्ष डॉ. कीर्तिकर हे वनस्पतिशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांनीं धरणगांवच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास ‘बालकवि’ ही पदवी दिली. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं या मुलास नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. कौतुक करणारे पुष्कळ असतात. आळें करून रोज पाणी घालणारा एखादाच मिळतो.

१९७२ सालच्या दुष्काळांत आमच्या धुळ्याच्या घरीं परसांतला आंबा वठूं लागला. तीन वर्षें मोहोर नव्हता. वडील मंडळींनीं तो तोडण्याचें ठरवून लांकूडतोड्यास सांगूनहि ठेविलें. आजी म्हणाली, “एक पावसाळा जाऊं द्या. तोंवर त्याचें मी बघतें.” तिनें शुभवर्तमान कधीं ऐकलेंहि नव्हतें. न्हाणीचें पाणी पाटानें बुंध्याशीं नेलें, आळें खणविलें, शेणखत घातलें. पाणी नळास चार दिवसांनीं येई, तेव्हां या खटाटोपास घरांतले हंसतहि. पुढें मोहोर आला आणि निम्मा वाऱ्यानें गळला. उरलेल्या कैऱ्यांचें लोणचें एका बरणीपुरतेंच झालें.

आम्हांस या सणाचा ख्रिस्ती अर्थ येथें सांपडतो. माळी हिशेब खोटा ठरवीत नाहीं. तीन वर्षें फळ आलें नाहीं हें तोहि मान्य करतो. तो मुदत मागतो, पण त्या मुदतींतले श्रम स्वतःच्या अंगावर घेतो. एकत्र कुटुंबांत दोनदां नापास झालेला मुलगा असतो, धंद्यांत बुडून परतलेला भाऊ असतो. त्यांच्याविषयीं “सोडून द्या” म्हणणारे आणि “राहूं द्या” म्हणणारे, दोघेहि सहज सांपडतात. पहाटे उठून त्या मुलाचा अभ्यास घेणारा काका किंवा भावाचीं देणीं त्याच्यासह बसून मांडणारी वहिनी मात्र विरळा.

त्या अंजिरास पुढें फळ आलें कीं नाहीं, हें येशूनें सांगितलेलें नाहीं. माळ्यासहि तें ठाऊक नव्हतें. तरी त्यानें खणण्याचें कबूल केलें.