नियमाला अपवाद

आज सकाळी इंग्रजी उपासनेत विल्यम कूपरचं स्तोत्र होतं. गाताना घशात काहीतरी अडकलं.

कूपर कॅल्व्हिनच्या विचाराचा. देवाने एकदा निवडलं की तारण जात नाही, असं मानणारा. (वेस्लीवाले म्हणतात, जाऊ शकतं. असो, तो वाद मोठा!) १७७३ मध्ये त्याला स्वप्न पडलं, की तुझं संपलं. झालं! इतरांना नियम लागू, आपण तेवढे अपवाद, हे १८०० साली मरेपर्यंत डोक्यातून गेलं नाही. चर्चला जाणं सुटलं, प्रार्थनाही सुटली. 'अमेझिंग ग्रेस'वाला जॉन न्यूटन त्याचा जिवलग मित्र, तोही समजावून थकला. १७७९च्या 'ओल्नी हिम्स'मध्ये मात्र दोघांची स्तोत्रं एकत्र आहेत.

मला विचाराल तर कूपर तरला असणार. त्याला हे पटलं नसतं.