चकचकीत मुखपृष्ठांचं दशक

प्रिय मित्रा,

नव्वदच्या दशकातली अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स रद्दीत घालायच्या लायकीची आहेत, हे तुझं मत मला अर्धंच पटतं. तू रागावतोस चित्रांवर: फुगवलेले दंड, दातओठ खाणारे चेहरे, कमरेला नाना कप्पे, पावलं काढायची टाळाटाळ. पण अशा शैली येतात आणि जातात. त्या काळाचं खरं पाप अंक विकण्याच्या पद्धतीत होतं, आणि त्याच पद्धतीतून त्याचं मोठं पुण्यही निपजलं.

1991 चा ‘एक्स-मेन’चा पहिला अंक घे. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं, आणि खप 80 लाख प्रतींच्या घरात. इतके वाचक होते कुठे? एकेक जण पाचही मुखपृष्ठं घेत होता, पुढे भाव येईल म्हणून जास्तीच्या प्रती जपून ठेवत होता. नोव्हेंबर 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत बंद होऊन आला, आत शोकाची दंडपट्टी. कित्येकांनी ती पिशवी फोडलीच नाही. 1938 चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक आज मौल्यवान आहे, कारण तो मुलांनी वाचून फाडला, घरच्यांनी रद्दीत दिला आणि मोजक्याच प्रती उरल्या. लाखो लोकांनी जपलेल्या वस्तूला भाव कुठून यावा? त्यात कॉमिक्सच्या दुकानांना न खपलेले अंक परत करता येत नसत. गिऱ्हाइकांचा भ्रम फिटला तेव्हा माल दुकानदाराच्या गळ्यात पडला आणि दुकानं धडाधड बंद झाली. डिसेंबर 1996 मध्ये ‘एक्स-मेन’ काढणाऱ्या खुद्द मार्व्हलने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्यामागे मालकाने केलेलं कर्जही होतं, पण वाचकाला गुंतवणूकदार समजण्याची चूकही होतीच.

आता दुसरी बाजू. सुपरमॅनचे जनक सीगल आणि शूस्टर यांनी त्याचे हक्क 130 डॉलरला विकले. मार्व्हलचं अर्धं विश्व उभं करणाऱ्या जॅक कर्बीला स्वतःची मूळ चित्रं परत मिळवायला 1980 च्या दशकात झगडावं लागलं, आणि मिळाली तीही थोडीच. विनवण्या करून हे बदललं नव्हतं. 1992 मध्ये मॅकफार्लेन, जिम ली, लीफेल्ड यांच्यासह सात चित्रकार मार्व्हलमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘इमेज’ ही प्रकाशनसंस्था काढली. निर्मितीची मालकी निर्मात्याची, हे तिचं तत्त्व. त्यांच्या नावावर अंक खपतात हे फुगलेल्या बाजाराने दाखवून दिलं होतं, म्हणून ते बाहेर पडू शकले.

तू म्हणशील, हे बंडखोर तरी कुठले धुतल्या तांदळासारखे? बरोबर आहे. मॅकफार्लेनच्या ‘स्पॉन’ या कॉमिकसाठी निर्माण केलेल्या पात्रांच्या हक्कांवरून लेखक नील गेमनला मॅकफार्लेनविरुद्धच कोर्टात जावं लागलं, आणि 2002 मध्ये निकाल गेमनच्या बाजूने लागला. सुरुवातीचे कित्येक अंक महिनोन्महिने रखडले आणि दुकानदारांचे पैसे अडकले. कथांबद्दल तर न बोललेलंच बरं. पण माणसं चुकली म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. ‘इमेज’च्याच घरातून 2003 मध्ये ‘द वॉकिंग डेड’ आलं, मालकी निर्मात्याचीच.

मला खरी टोचणी लागते ती ‘माइलस्टोन’ची. 1993 मध्ये ड्वेन मॅकडफी आणि त्याच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी ही संस्था सुरू केली. अंक डीसी कंपनी छापून वितरित करायची, पात्रं मात्र यांचीच. त्यांच्या ‘आयकॉन’मध्ये परग्रहावरचा एक जीव 1839 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेत उतरतो, गुलामीतल्या एका स्त्रीच्या हाती लागतो, आणि पुढे पुराणमतवादी विचारांचा वकील होतो. गरीब वस्तीतली रॅकेल त्याला सांगते की, तुझी शक्ती आमच्यासाठी वापर. वर्गावरचा, वंशावरचा इतका सरळ वाद सुपरहिरोच्या अंकात त्याआधी क्वचितच झाला असेल. तेजी होती म्हणून दुकानदार नव्या नावाला जागा देत होते. मंदी आली आणि 1997 मध्ये ‘माइलस्टोन’चे अंक थांबले.

म्हणून या दशकाला सरसकट माफी देणं मला जमत नाही, आणि तुझ्यासारखं रद्दीत टाकणंही जमत नाही. पुढच्या पत्राआधी ‘आयकॉन’चे पहिले काही अंक वाच, आणि मग तुझं मत सविस्तर कळव.

तुझा,
मित्र